इव्हान्चुकचा फ्लॅग

परवा बुद्धिबळ पंचांच्या वर्गात वेळ संपण्याचे नियम शिकवायचे होते. नियमांना दहा मिनिटं पुरतात. मी युक्रेनचा ग्रँडमास्टर वासिल इव्हान्चुक याचं उदाहरण काढलं आणि दुपार त्यातच गेली.

2013ची लंडनची कँडिडेट्स स्पर्धा, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी. पहिल्या 40 चालींना दोन तास, पुढच्या 20ला एक तास, मग 15 मिनिटं. चालीमागे 30 सेकंदांची भर मिळायची ती थेट 61व्या चालीपासून. नव्या पोरांना पहिल्या चालीपासून भर देणाऱ्या घड्याळांची इतकी सवय, की हे कलम कुणी धड वाचतच नाही. इव्हान्चुकने तिथे पाच डाव निव्वळ वेळ संपल्याने घालवले.

अशा वेळी पंचाचं काम किचकट. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि 30 सेकंदांची भर नसली, तर खेळाडूने चाली लिहिल्याच पाहिजेत असं नाही. दोघेही त्या कचाट्यात सापडले की लिहायला पंचाने उभं राहायचं. फ्लॅग पडताच, म्हणजे एकाची वेळ संपताच, घड्याळ थांबवायचं, दोघांचे कागद पुरे करून घ्यायचे आणि मगच 40 चाली पुऱ्या झाल्या का ते मोजायचं. मोहरा हलवला पण बटण दाबायचं राहिलं, तर ती चाल पुरी झाली नाही (मात झाली असेल तर गोष्ट वेगळी). घड्याळावरच्या आकड्यावर विसंबू नये. ते बटणाचे दाब मोजतं, चाली नव्हे. इथे घसरणारे जुनेजाणते पंचही मी पाहिलेत.

"म्हणजे गडी कच्चाच की," मागून एकजण म्हणाला. कच्चा कसला! 1991 साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत कास्पारोव्हच्या वर पहिला आलेला माणूस तो. त्याच लंडनमध्ये 12व्या फेरीत त्याने काळ्या मोहऱ्यांनी कार्ल्सनला हरवलं, शेवटच्या फेरीत क्रामनिकला. कार्ल्सन आणि क्रामनिक दोघांचे साडेआठ गुण झाले; जास्त डाव जिंकल्याने तेव्हाच्या जगज्जेत्या आनंदला आव्हान द्यायला कार्ल्सन गेला. इव्हान्चुक सातवा, 6 गुण. पुढे 2016मध्ये दोहाला, 47व्या वर्षी, तो जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. तिथे 15 मिनिटं आणि पहिल्या चालीपासून 10 सेकंदांची भर.

"मग सर, दोष घड्याळाचा का?"

पंचाने दोष बघायचा नसतो, फ्लॅग बघायचा, असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन कार्ल्सनविरुद्धचा तो डाव पुन्हा मांडला. हत्तींचा अंतिम टप्पा, लांबत लांबत साठ चालींच्या पार गेलेला. म्हणजे शेवटी त्यालाही 30 सेकंद मिळतच होते. इतकी वर्षं तो डाव शिकवतोय, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती.