दिवे घाट, चौथी फेरी: मोठा इंटरकूलर तूर्त लांबणीवर

मागच्या नोंदीत बंपरमागे मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) बसवायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. तो बेत लांबणीवर पडलाय, आणि त्याला कारण एक रबराची पट्टी.

गाडी तीच: २.२ लिटर डिझेल, इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटला स्कूप, म्हणजे हवा आत घेणारं तोंड. नव्यांसाठी हिशेब पुन्हा देतो. ३५ अंशांची हवा १ बार बूस्टला (वातावरणाच्या दाबापेक्षा १ बार जास्त) दाबली आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा साधारण १३२ अंशांवर बाहेर पडते. ती ६० वर आणली की तेवढ्याच दाबाला सुमारे २१ टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. सगळा खटाटोप या २१ टक्क्यांसाठी.

पहिल्या तीन फेऱ्यांत हडपसरच्या कोंडीतून घाटाच्या पायथ्याच्या वडकीला पोचेपर्यंत हवेच्या तापमानाचा सेन्सर ८० च्या पुढे दाखवायचा. कोंडीत थांबलेल्या गाडीत इंजिनाची धग वर चढते आणि इंटरकूलर तापत बसतो. वरच्या जागेचा हा मूळ दोष. पण घाटात वेग घेतल्यावर आकडा झपाट्याने उतरायला हवा होता. माथ्यावरही ७४! इथेच शंका आली.

स्कूपच्या खालच्या कडेला ओला खडू फासला आणि बॉनेट दाबून बंद केलं. इंटरकूलरभोवतीच्या रबरावर ठसा फक्त मागच्या बाजूला उमटला. पुढून आणि बाजूंनी बोटभर फट. म्हणजे स्कूपमधून आलेली हवा फिनांमधून (जाळीच्या पातळ पत्र्यांमधून) जायचं सोडून कडेनं निसटत होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. नाना पेठेतून दाराचं रबरी बीडिंग आणलं, खडूचा ठसा चारही बाजूंनी येईपर्यंत चिकटवलं.

चौथी फेरी: वडकीला ७९, म्हणजे कोंडीत फरक जवळपास नाही, आणि तो येणारही नव्हता. पण घाट निम्मा चढेपर्यंत ६१, माथ्यावर ५८. तिसऱ्या गिअरमधली ओढ स्पष्ट जाणवली. मनापासून आनंद झाला.

मित्राच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे जाड कोअरचा (जाळीचा) इंटरकूलर आहे. कोंडीनंतर त्याचा आकडा माझ्यापेक्षा खूपच बरा असतो, पण चढावर कूलंट तापतं, कारण रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. शिवाय जाडी वाढवून फायदा लवकर आटतो. मागच्या फिनांपर्यंत थंडावा उरतच नाही. माझ्या मते जागा असेल तर रुंदी-उंची वाढवावी, जाडी नाही. आणि कोअरमधली दाबघट आधी मोजावी: १ बार बूस्टला ०.१ बार गेला, की ५ टक्के हवा तिथेच गेली, कारण वातावरणासह एकूण दाब २ बार असतो. लांब पाइपांमुळे येणाऱ्या लॅगची (पाय दाबल्यावर ओढ उशिरा येण्याची) चर्चा मला गरजेपेक्षा मोठी वाटते.

आता वडकीचा तो ७९ खाली आणायचाय. टर्बोवरची हीट शील्ड एका बाजूने सुटलेली दिसली. ती बसवून पुढच्या रविवारी तीच वेळ, तोच गिअर.