फिल्टर सोडवण्याआधी

परवा शेजारचा मुलगा गाडीखाली शिरलेला दिसला. फ्युएल फिल्टर, म्हणजे पेट्रोल गाळणारी डबी, बदलायचा होता त्याला. एका हातात पाना आणि उजेडाला काचेच्या बल्बचा हँडलॅम्प. तो दिवा बघितला आणि मी आधी त्याला बाहेर बोलावलं.

माझा पहिला फिल्टर मी विसरलेलो नाही. इंजिन बंद करून अर्धा तास झाला होता, म्हणून मी निर्धास्त. पाईप आवळणारा क्लॅम्प सैल केला आणि पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत. पंधरा मिनिटं नळाखाली डोळे धरले, तरी आग थांबेना. भर दुपार होती, दिव्याची गरज पडली नाही. तेच पेट्रोल तापलेल्या बल्बवर उडालं असतं, तर काच तडकून आतली लाल तार उघडी पडली असती.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल दाबाने इंजिनात फवारलं जातं तिथे, ते ३-४ बार (हवेच्या दाबाच्या ३-४ पट) प्रेशरने धावतं आणि इंजिन बंद केल्यावरही ते प्रेशर पाईपात बराच वेळ टिकतं. म्हणून गाडी बाहेर मोकळ्यावर काढायची, इंजिन गार होऊ द्यायचं आणि टाकीचं झाकण सैल करायचं. मग पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा छोटा स्विच) काढून इंजिन चालू करायचं. पाईपातलं पेट्रोल संपलं की इंजिन आपोआप बंद पडतं. पुन्हा एक-दोनदा स्टार्टर मारायचा, चावी बंद करायची आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. हे सगळं पाईप उघडण्याच्या आधी, कारण टर्मिनल काढतानाही ठिणगी उडते. एवढं करूनही थोडं पेट्रोल गळतंच, तेव्हा जोडावर फडकं गुंडाळून हळूहळू सोडवायचं. डोळ्यांवर गॉगल हवाच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते, खड्ड्यात साठते आणि लांबच्या शेगडीपर्यंतही पोचते. उणे ४० अंशांतही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते, मग थंडीच्या दिवसांत तरी निर्धास्त कसं राहायचं? रिकाम्या टाकीची मला भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भीती वाटते, कारण आत हवेत मिसळलेली वाफ कोंडलेली असते. तिला वेल्डिंगची ठिणगी लागली तर टाकी फुटते. जवळ पावडरचं अग्निशामक ठेवा. पाणी मारलं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

डिझेल गाडीतल्या कॉमन रेलचं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर मात्र १६०० बारच्याही वर जातं. तिथली गळती बोटाने चाचपू नका. बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि बोट गमवायची वेळ येते. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मुलाने माझा एलईडी टॉर्च घेतला, जोडातली ओ-रिंग (रबरी कडी) नवी घातली. रिले बसवून, बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता चावी दोन-तीनदा फिरवायला लावली. पंप घुरघुरला. मग कोरडा टिशू जोडाभोवती फिरवला. एका बाजूला ओल लागली. क्लॅम्प अर्धा आटा आवळून पुन्हा बघितलं, टिशू कोरडा निघाला. तेव्हा कुठे मी त्याला स्टार्टर मारू दिला.