पाणवठ्याचा प्रस्ताव आणि प्लास्टिकवरचे ओरखडे

"मॅडम, यात पाणी किती लिटर राहणार?"

कंपनीच्या सीएसआर विभागाचे, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामाला देणाऱ्या विभागाचे, साहेब गाडीतून उतरल्या उतरल्या हेच विचारते झाले. मार्चचा दुसरा आठवडा, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं गायरान. चिंकारा, खोकड, कोल्हा आणि कधीमधी लांडगा असा हा माळ. आमच्या संस्थेने वन्यप्राण्यांसाठी मागितलेल्या तळ्याची कड चुन्याची फक्की टाकून आखून ठेवली होती. ती लंबगोल कड बघून सोबतच्या सल्लागार अभियंत्यांचा चेहरा उतरला. त्यांना चौकोन हवा होता.

"साडेचार लाख," मी म्हटलं.

"एवढ्या जागेत? इथे बावीस लाख बसतात."

हिशोब त्यांचा बरोबर होता. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराचं शेततळं घेतलं की २,१९६ घनमीटर होतात, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. माझं तळं ३० बाय २५ मीटर, लंबगोल, सर्वांत खोल जागी १.८ मीटर आणि तीन बाजूंनी एकास पाच उतार. म्हणजे एक फूट खाली जायला पाच फूट चालायचं. त्यात साडेचारशे घनमीटरच मावतात. हजार लिटरमागे किती रुपये, हा त्यांचा रकाना. त्या रकान्यात चांगला पाणवठा कायम नापास होतो.

इथपर्यंत यायला सहा महिने गेले होते. वनखात्याच्या बाहेर 'वन्यजीवांसाठी तळं' असं लेखाशीर्ष शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. तळं दुसऱ्या कुठल्या तरी नावाच्या योजनेत घुसवावं लागतं. अमृत सरोवर पाहिलं. २४ एप्रिल २०२२ ला जाहीर झालेली ही योजना, दर जिल्ह्याला ७५ तळी, प्रत्येक किमान एक एकर आणि सुमारे १०,००० घनमीटरचं. आमचं त्याच्या विसाव्या हिश्श्याचंही नाही. रोजगार हमीत मजुरी ६० आणि साहित्य ४० हे प्रमाण, आणि मजुराचं काम हिरावणारं यंत्र लावायचं नाही. इथे दोन फुटांखाली कडक मुरूम. टिकाव आपटला तर ठिणगी उडते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' जुन्या तळ्यांतला गाळ काढायला आहे, नवीन खोदायला नाही. शिवाय गाळ काढताना काठाचा उथळ भाग सरळ उभा कापला जातो, आणि जनावरांना पाणी प्यायला तोच भाग लागतो.

जागा वनखात्याची असती तर वाट सोपी होती. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात वन्यजीव व्यवस्थापनासाठीचे पाणवठे वनेतर वापरात धरलेले नाहीत. त्यामुळे केंद्राच्या मंजुरीचं लचांड नाही, काम खात्यामार्फत होतं, बाहेरचा पैसा खात्याच्या संमतीने वापरता येतो. पण सातबारा काढला तर गायरान. जमीन सरकारची, व्यवस्था ग्रामपंचायतीकडे. नुसता ग्रामसभेचा ठराव जोडून प्रस्ताव पाठवणारे पुष्कळ आहेत आणि ते तिथेच अडकतात. तहसील कार्यालयातून वर जाऊन आलेली लेखी मान्यता लागते. आमची चार महिन्यांनी आली. परदेशी देणगीचा विचारच केला नाही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. एवढ्याशा तळ्यासाठी तो पसारा कोण मांडणार?

राहिला सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. सातव्या अनुसूचीत पर्यावरण समतोल, वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षण हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कलमात आहे. म्हणून मुंबईच्या मोठ्या नावांमागे धावण्यापेक्षा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या एमआयडीसीतला मध्यम कारखाना गाठावा. संस्थेकडे आयकर सवलतीच्या बारा-ए, ऐंशी-जी नोंदण्या आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. यातलं एक नसेल तर पहिल्या फोनलाच विषय संपतो.

प्रस्ताव घेऊन जावं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेव्हा माणसं ऐकायच्या मनःस्थितीत असतात. आम्हाला बोलावणं आलं फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे कुठे तरी पैसा उरला होता. एका वर्षाच्या प्रकल्पाची न वापरलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. तेच काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं तर आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येतं. तळ्याला नेमकं हेच हवं असतं. पहिल्या पावसाळ्यात बांध खचतो, दुसऱ्यात सांडव्याचे दगड हलतात, तिसऱ्यात काठावर वेडी बाभूळ माजते. मी हे दोनदा लिहून पाठवलं. दोन्ही वेळा उत्तर एकच : "यंदाच क्लोज करू." शिवाय संस्थेचा पगारखर्च पाच टक्क्यांच्या वर नको म्हणाले. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही. पण निम्म्याहून अधिक सीएसआरवाल्यांना स्वतःचा नियम वाचायला वेळ नसतो.

तर त्या सकाळी लिटरवरून सुरू झालं. सल्लागारांचं म्हणणं, मुरूम आहे, पाणी झिरपणार, तेव्हा ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. झिरपणार हे खरंच होतं. आम्ही मीटरभर खड्डा घेऊन संध्याकाळी भरून ठेवला होता, सकाळी तळाला ओल राहिली होती. पण त्यावर जुना उपाय आहे. पाण्याची कड धरून सहाशे चौरस मीटरवर काळी चिकण माती, दाबून एक फूट जाडीची. एकदम फूटभर टाकायची नाही. अर्धा फूट टाकायची, पाणी मारायचं, मुठीत वळून गोळा झाला आणि हाताला फार चिकटला नाही की रोलर फिरवायचा, मग वरचा थर. दाबलेली १८० घनमीटर, म्हणजे सुटी धरून ८० ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ही माती आणतानाच काम फसतं. गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी अंदाजपत्रकात कुणी धरत नाही, मग ठेकेदार जवळचीच भुसभुशीत माती ओतून 'काळी' म्हणून दाखवतो. दुसरी फसगत वेळेची. मातीचा थर एप्रिलमध्ये करून उघडा ठेवला की जूनपर्यंत भेगाळतो. थर मेच्या अखेरीस करायचा किंवा ओल्या गवताने झाकायचा.

खोलीचाही हिशोब असतो. उन्हाळ्यात इथे रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, फेब्रुवारी ते मे धरलं तर मीटरभर. म्हणून १.८ मीटर, त्याहून उथळ केलं तर ऐन मेमध्ये चिखल. पाणलोट तीन हेक्टर, पाऊस पाचशे मिलिमीटर, त्यातला दहावा हिस्सा वाहून आला तरी दीड हजार घनमीटर. तळं तीनदा भरेल. म्हणून सांडवा तळ्याइतकाच महत्त्वाचा, आणि तो चित्रात सुंदर दिसत नाही म्हणून पहिली कात्री त्यालाच लागते.

सल्लागारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण दर लिटरमागे खर्च जास्त येतो."

मी वैतागले होते. उन्हं चढली होती. सरपंचताई म्हणाल्या, शेजारी शेततळं आहे, तिथल्या झाडाखाली चहा घेऊ. म्हणून तिकडे गेलो. मुद्दाम दाखवायला नेलं असं पुढे कुणी म्हणालं, ते खरं नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीचं शेततळं, काळं प्लास्टिक. पाणी काठापासून सहा-सात फूट खाली गेलेलं. कडेच्या प्लास्टिकवर धुळीचा पातळ थर होता आणि पाण्याच्या जरा वर, आग्नेयेच्या कोपऱ्यात, तो पुसला गेला होता. जवळ जाऊन पाहिलं तर ओरखडे. चार-चार रेघांचे झुबके, पांढरट, एकावर एक, पाण्यापासून हातभर उंचीपर्यंत. त्याच्या वर स्वच्छ धूळ. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना, मग पलीकडच्या कोपऱ्यातही. जनावर कडेकडेने पोहत फिरलं होतं आणि प्रत्येक कोपऱ्यात चढून पाहिलं होतं. प्लास्टिक कुठेही फाटलं नव्हतं. विकणारे सांगतात तेवढं ते मजबूत असतं.

साहेब बराच वेळ बघत राहिले. "काय होतं?"

शेतमालक आधी बोलेनात. चिंकारा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी. शेततळ्यात मेला म्हणून कळवलं तर पंचनामा, फेऱ्या, जबाब, ही धास्ती गावागावात आहे. त्यामुळे बरेच मृतदेह गुपचूप पुरले जातात आणि आकडा कुणाकडेच येत नाही. शेवटी म्हणाले, "कोल्हं असंल, ताई. रातचं येतंय पाण्याला. पानी खाली गेलं की घसरतंय. म्या सकाळी काडलं."

मी एकास पाच उताराची तीन चित्रं दाखवली होती, छेद दाखवले होते. त्यातल्या एकाचाही परिणाम झाला नव्हता. त्या कोपऱ्यात उभं राहून साहेब सल्लागारांना म्हणाले, "प्लास्टिक नको." पुढच्या आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं. मागितले होते पाच लाख ऐंशी हजार, मिळाले चार लाख वीस. देखभालीची तीन वर्षं आणि दोन कॅमेरा ट्रॅप गेले. आठ बाय चार फुटांचा फलक मात्र मागितला नव्हता, तो बावीस हजारांचा आत आला.

काम झालं. पोकलेन अठरा तास चालला, माती खरी काळी मिळाली, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सांडवा वाहिला. बेडूक आठवड्याभरात आले. लगेच गावातल्या दोघांनी मासे सोडू का म्हणून विचारलं. एकदा मासे सोडले की बेडकांची पिल्लं उरत नाहीत आणि पुढे तळ्याचा लिलाव सुरू होतो, म्हणून 'मासे सोडणार नाही' हे वाक्य ठरावात आधीच घालून घेतलं होतं.

मला अजून सुटत नाही ते वेगळंच आहे. परतल्यावर मी दोन किलोमीटरच्या परिघातली प्लास्टिकची शेततळी मोजली. नऊ. प्रत्येकात दोन कोपऱ्यांत काथ्याची जाळी सोडायची, दोन मीटर रुंद, वर खुंट्यांना घट्ट बांधलेली, खाली वजन लावून तळापर्यंत. म्हणजे पाणी कितीही उतरलं तरी पाय रोवायला जागा मिळते. दर शेततळ्याला साडेचार-पाच हजार. नऊ मिळून फलकाच्या दुप्पट. हा सुधारित प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं : जमीन खासगी, मालमत्ता तयार होत नाही, लाभार्थी संख्या भरलेली नाही. त्यांच्या नमुन्यात लाभार्थ्यांचे रकाने पुरुष, स्त्री, बालक असे आहेत. तळ्याच्या वेळी तिथे मी गावाची लोकसंख्या भरली होती आणि कुणी काही म्हटलं नव्हतं.

पण त्यांनाच बोल लावून भागत नाही. मूळ प्रस्तावात 'गरज' या शीर्षकाखाली मीच लिहिलं होतं : "दोन किलोमीटर परिघात उन्हाळ्यात वन्यप्राण्यांसाठी पाण्याचा स्रोत : शून्य." ती नऊ शेततळी मला उपग्रहाच्या नकाशावर दिसली होती, काळे चौकोन. खासगी आहेत, वन्यप्राण्यांसाठी नाहीत, म्हणून वगळली. शून्य लिहिल्याशिवाय प्रस्तावाला जोर येत नाही, हे या धंद्यात पहिल्या वर्षी कळतं. जनावरं मात्र तिथेच पाणी पीत होती. आधी ती नऊ पायी फिरून पाहिली असती तर कदाचित मी तळं मागितलंच नसतं. किंवा मागितलं असतं, आणि जाळ्या त्याच अंदाजपत्रकात 'पाणवठा परिसर सुरक्षितता' अशा एखाद्या गुळगुळीत नावाखाली बसवल्या असत्या. मार्चमध्ये ते खपलं असतं.

अहवालात ओरखड्यांचा फोटो पहिल्या पानावर टाकला होता. "निगेटिव्ह वाटतो" म्हणून काढायला लावला. त्या जागी फलकाचा फोटो गेला.

त्या शेतमालकांनी डिसेंबरात फोनवर एक फोटो पाठवला. ठिबकच्या जुन्या नळ्या गाठी मारून शिडीसारख्या विणल्या आहेत, मध्ये मध्ये मातीने भरलेली खताची पोती, आणि ते सगळं आग्नेयेच्या कोपऱ्यात सोडलंय. खालून तिसऱ्या गाठीपर्यंत पोत्यांवर चिखलाचे ठसे आहेत. कुठल्या जनावराचे, ते फोटोत नीट दिसत नाही.