बॉलपेनची रेघ

अण्णांच्या पायात बाभळीचा काटा मोडला सोमवारी. कळलं बुधवारी, तेही आईला चादरीवर डाग दिसला म्हणून. सोळा वर्षांची शुगर, तळवे कधीचेच बधिर झालेले. दुखत नाही म्हणाले, म्हणून आम्हीही निर्धास्त. आईने हळद भरली, वीट तापवून शेकलं. त्या शेकाने टाचेला फोड आला, तोही त्यांना कळला नाही. बधिर पायाला शेक द्यायचा नसतो, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी रात्री ते कण्हायला लागले. जखम नव्हे, पोटरी ठणकत होती. कातडी जराशी तुकतुकीत, थोडी सूज, बाकी काही नाही. पण पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. अंगात ताप. जवळच्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. निदान शुगर तरी बघायची! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पहाटे सोलापूर गाठलं. शुगर ४१२. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बॉलपेनने लालीच्या कडेकडेने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली, ७:४०. नऊ वाजता लाली रेघेच्या दोन बोटं वर होती. मॅडमनी पोटरी हलकेच दाबली तर कातडीखाली करकर लागली. म्हणाल्या, "आत गॅस धरलाय. वरून दिसतंय ते काहीच नाही, स्नायूंवरचा पडदा सडत चाललाय." नेक्रोटायझिंग फॅसायटिस हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी विचारलं, भारीतलं अँटिबायोटिक देऊन नाही का भागणार? तर म्हणाल्या, औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या मांसात रक्तच पोचत नाही. ते कापूनच काढायला हवं, तेही आत्ताच. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, पायाकडचा रक्तपुरवठाही बऱ्याचदा कमी झालेला असतो. जंतूंना रान मोकळं.

तीनदा थिएटरमध्ये नेलं. दोन बोटं गेली. मांडीची कातडी काढून पोटरीला लावली. अण्णा वाचले.

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी नायलॉनचा एक जाडसर धागा काढला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. अण्णांना डोळे मिटायला लावून तळव्याला जागोजागी टेकवत विचारत होत्या, "कळतंय?" अण्णा गप्प. धागा दर वेळी वाकत होता, आम्हाला दिसत होता. ही तपासणी वर्षातून एकदा करायची असते. सोळा वर्षांत ही पहिलीच.

आता रोज रात्री भांडी आवरली की आई आरसा घेऊन त्यांच्या पायाशी बसते. अण्णांना संकोच वाटतो, पाय आखडून घेतात. ती सोडत नाही. चप्पलही उलटी करून झटकल्याशिवाय घालू देत नाही. काल रात्री तिने मला फोटो पाठवला, करंगळीच्या बेचक्यात पांढरी पडलेली ओलसर कातडी. आज पहिल्या एसटीने दोघं सोलापूरला निघालेत.