जरा केबिनमध्ये या

पणजीत पाटोवरच्या एखाद्या कार्यालयात संध्याकाळी साडेचारला व्हॉट्सॲपवर ‘जरा केबिनमध्ये या’ एवढेच आले, की समोरच्या चहावर साय धरते. साहेबांना हवी असते एका बिलाची तारीख. पण कारण कळले नाही की मेंदू ते स्वतःच शोधतो, आणि हमखास वाईटच. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची वर्दी देतो, छाती धडधडते, आणि कपाळामागचा विचार करणारा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ऐन वेळी ढेपाळतो. तोंडपाठ असलेला आकडा आठवत नाही, वर ‘तयारी करून येत नाही’ हा शेरा. ‘वेर्ण्याच्या बिलाची तारीख हवी, पाच मिनिटे, फाईल आणा’ एवढे लिहायला कितीसा वेळ लागतो? विषय अप्रिय असेल तर तसेही लिहावे. ‘काही खास नाही’ म्हणून बोलावून झापले, तर पुढच्या प्रत्येक ‘काही खास नाही’ला धस्स होणारच.

2003 साली मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी लोकांना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू येणे बंद केले. शारीरिक वेदनेच्या त्रासात जागा होणारा मेंदूचा एक भाग तेव्हाही जागा झाला. दोन्ही अनुभव एकच नव्हेत, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले. तेव्हा ‘अपमान म्हणजे मेंदूला मारच’ असे ठोकून देणाऱ्या प्रशिक्षकांचे फार मनावर घेऊ नये.

नेतृत्वावर लिहिणारे डेव्हिड रॉक यांनी 2008 मध्ये, माणसांत वावरताना मेंदूला धोका किंवा बक्षीस जाणवते अशी पाच क्षेत्रे मांडली: मान, निश्चिती, स्वतःचा निर्णय, आपलेपणा, न्याय. गोव्यात पाचांचीही परीक्षा एकदमच होते, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, रजेच्या यादीत. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी यादी लागली, की ऑफिस आठवडाभर धुमसते. नाकारलेली रजा एकवेळ पचते. ती कशावरून नाकारली हे न कळणे पचत नाही. महिनाभर आधी गेल्या वर्षीची यादी फलकावर लावावी, तेव्हा कामावर राहिलेल्यांना यंदा पहिली निवड द्यावी, अदलाबदल आपसात करू द्यावी. मग साहेबांना कोणाची समजूत काढत बसावे लागत नाही.

कौतुकाचेही गणित आहे. शाबासकी आणि पैसा, दोन्हींनी मेंदूचा स्ट्रायटम, बक्षिसाची दखल घेणारा भाग, सक्रिय होतो. मात्र डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळतात त्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर. ग्रुपवर रोज सगळ्यांना तोच अंगठा टाकणाऱ्या साहेबांनी एखाद्या दिवशी ‘तुमच्या तक्त्यामुळे जीएसटीची चूक वेळेत सापडली’ असे लिहून बघावे.