गवताचं टक्कल

तण म्हणून वर्षानुवर्षं गवत उपटणारे हातच एक दिवस पैसे मोजून शोभेचं गवत लावतात. एकदा लावलं की मात्र त्याच्यावर गुलाबासारखी माया करू लागतात, आणि बिघडतं ते तिथेच. शेणखताची पाटी रिकामी केली, वर युरिया टाकला, की पाती लांब आणि लुसलुशीत होतात आणि पहिल्याच जोरदार पावसात सगळं बेट मधून फाकून जमिनीवर लोळतं. सावलीतही हेच होतं. मिस्कॅन्थस किंवा पेनिसेटम या तुरेवाल्या गवतांना निदान सहा तास ऊन, निचऱ्याची जमीन आणि जरासं दुर्लक्ष पुरतं. पाणी पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, पण मुळांपर्यंत पोचेल असं द्यावं. लावताना गड्ड्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवावा. खोल पुरला तर फुटव्यांच्या बुडाशी पाणी साचून ते कुजतात. दोन रोपांत अंतर किती, तर पूर्ण वाढीची उंची असेल साधारण तेवढं. रोपवाटिकेतल्या इवल्याशा कुंडीकडे बघून हे कुणाला पटत नाही.

छाटणीबद्दल मी जरा हट्टी आहे. वाळलेली पाती दिसली की काहींचे हात शिवशिवतात. ती हिवाळाभर तशीच राहू द्यावीत. बुडातल्या कोंबांवर त्यांचं पांघरूण असतं, आणि तुऱ्यांतून तिरपं ऊन येतं तेही याच दिवसांत. थंडी सरता सरता, नवे कोंब वर यायच्या आत, बेटाला सुतळीने घट्ट आवळून जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर कापायचं. सगळी पेंढी एकदम हातात येते. हातमोजे हवेतच, कारण पात्याची धार बोट कापते. उशीर झाला तर नव्या पात्यांची टोकंही कापली जातात आणि ती हंगामभर बोथटच दिसतात. निळ्या फेस्क्यूला, म्हणजे बारीक निळसर पात्यांच्या बुटक्या गवताला, मात्र असं भादरू नये. त्यातून बोटं फिरवून सुकलेली पाती काढली की झालं. आणि गवताला कात्रीने गोल चेंडूचा आकार देणाऱ्यांनी सरळ मेंदी लावावी.

तीन-चार वर्षांनी बेटाला मधोमध टक्कल पडतं. फेस्क्यूला त्याहून लवकर. रोग समजून लोक औषधं फवारतात. खरं तर नवे फुटवे बाहेरच्या कडेला येत राहतात आणि मधले जून होऊन मरतात, एवढंच. उपाय म्हणजे विभागणी. वसंतात गड्डा खणून काढायचा, मधला मेलेला भाग टाकून द्यायचा आणि कडेचे मुठीएवढे, चार-पाच फुटव्यांचे तुकडे मुळं सुकायच्या आत लावायचे. जुन्या मिस्कॅन्थसपुढे खुरपं हात टेकतं. तिथे पहार, नाहीतर सरळ करवत.

पट्टेवालं झेब्रा गवत वसंतात साधं हिरवं उगवतं. फसवलं म्हणून रोपवाटिकेत भांडायला जाऊ नये. ऊब वाढली की आडवे पिवळे पट्टे उमटतात.

हे सगळं हौसेचं झालं. पण कॅलिफोर्नियात पम्पास गवत आणि हवाईत पेनिसेटम सेटेशियम (पेनिसेटमचीच एक जात) बागांबाहेर पडलं आणि आता आवरत नाही. हवाईत तर हे वाळलेलं गवत वणव्याला इंधन पुरवतं आणि जळल्यावर स्वतः बुडातून पुन्हा फुटतं. तिथल्या अनेक स्थानिक झाडांना ते जमत नाही. म्हणून नाव विचारल्याशिवाय गवत घेऊ नये. बी पसरवणारी जात आधीच लावलेली असेल तर तुरे बी पिकायच्या आत कापावे लागतात, म्हणजे ज्यासाठी लावलं तेच हातचं जातं. त्यापेक्षा ‘कार्ल फोर्स्टर’ नावाचं गवत बरं. ते वांझ आहे, त्याचं रोप गड्डा फोडूनच होतं. फक्त ते लवकर जागं होतं, तेव्हा छाटणी सगळ्यात आधी त्याची.