रा. रा. ह्वांगती : चिनी राजशब्दांची वही, चौथा महिना

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की या महिन्यात 'राजा' संपवून 'अधिकारी' सुरू करणार. कसलं काय! चार आठवडे झाले, अजून राजाच्याच दारात बसलोय. वहीत एकतीस शब्द झालेत आणि त्यातल्या निम्म्या शब्दांपुढे मी आधी लिहिलेला 'सम्राट' हा अर्थ आता लाल पेनाने खोडलाय. सगळ्यांना सरसकट सम्राट म्हणणं म्हणजे छत्रपती, पेशवे, सरदार आणि इनामदार या सगळ्यांपुढे 'साहेब' लिहून मोकळं होणं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मी मोडीकडून इकडे आलोय. मोडी पत्रं वाचताना मायन्यांची गोडी लागली आणि तीच सवय घेऊन जुन्या चिनीत शिरलो. दुसरं, उच्चार मी वर्तमानपत्री पद्धतीने लिहीत नाही. चिनीत आपल्या 'द'सारखा घोष उच्चार नाही. फरक आहे तो 'त' आणि 'थ'चा, 'प' आणि 'फ'चा, 'च' आणि 'छ'चा. रोमन लिपीला हा फरक दाखवायला कसरत करावी लागते, आपल्याकडे अक्षरं तयारच आहेत. म्हणून 'हुआंगदी' नाही, ह्वांगती. याचा तोटा एवढाच की छी, छू आणि छिन ही तीन राज्यांची नावं मोठ्याने घोकत बसलो तर बाहेरच्यांना वाटतं मी कुत्र्याला छू करतोय.

आता वांग. राजाचा सगळ्यात जुना शब्द. आजचं अक्षर अगदी साधं: तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. श्यू शेन या पंडिताने इ.स. १००च्या सुमारास आपल्या कोशात याची फोड दिली आहे. वरची रेघ आकाश, खालची पृथ्वी, मधली माणूस, आणि या तिघांना जोडतो तो राजा. ही फोड त्याने तोंग चोंगशू या हान घराण्याच्या काळातल्या विचारवंताकडून घेतली. मला ती इतकी आवडली होती की मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवली होती.

पण श्यू शेनने कौलाची हाडं पाहिली नव्हती. ती अभ्यासकांच्या हाती लागली १८९९नंतर. शांग या चीनच्या फार जुन्या घराण्यातले राजे कासवाच्या पोटाकडच्या कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडावर तापलेली कांब टेकवायचे, तडा जायचा, आणि त्या तड्यावरून कौल घ्यायचे. पाऊस पडेल का, शिकार मिळेल का, राजाची दाढ का दुखते. कोकणात देवाला कौल लावतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे परकं वाटायचं नाही. प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचे, म्हणून आज आपल्याला ते वाचता येतात. या हाडांवरचा 'वांग' पाहिला की आकाश-पृथ्वी-माणूस सगळं गळून पडतं. खाली रुंद पातं, वर निमुळतं होत गेलेलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती कुऱ्हाड आहे, पातं खाली करून उभी ठेवलेली. १९७६ साली आन्यांगला, शांगांच्या जुन्या राजधानीच्या जागी, फू हाओ या राणीची न लुटलेली कबर सापडली. तीत काशाच्या कुऱ्हाडी निघाल्या, त्यातली मोठी सुमारे नऊ किलोंची. ती उचलून लाकडं फोडायची नसतात. ज्याच्या हातात ती, त्याला मुंडकं उडवायचा अधिकार. पहिल्या पानावरची ती सुंदर फोड मी खोडली नाही, फक्त बाजूला 'नंतर सुचलेलं' असं लिहिलं.

इथेच माझा फजितीचा किस्सा. शिक्क्यांच्या लिपीत 'वांग' लिहायचा म्हणून मी खोडरबर घेतलं आणि कटरने अक्षर कोरलं. अक्षर डावी-उजवीकडून सारखंच, त्यामुळे उलटं कोरायची भानगड नाही. नवशिक्याला बरं. तीन रेघा अगदी पट्टीने मोजून सारख्या अंतरावर घेतल्या, कुंकवात तेल कालवून ठसा उठवला आणि आमच्या गटात फोटो टाकला. एका जाणत्या काकांनी लगेच विचारलं, "काय हो, जेडचं दुकान काढताय की काय?" त्या लिपीत वरच्या दोन रेघा जवळ आणि तिसरी खाली लांब असली तर राजा. तिन्ही समान अंतरावर असल्या तर जेड, म्हणजे तो हिरवा मौल्यवान दगड. पुढे दोन्ही अक्षरं सारखीच दिसायला लागली म्हणून जेडला एक ठिपका जोडला. मी मेहनतीने, पट्टी लावून, राजाचा दगड केला होता. दुसरं खोडरबर आणलंय.

'ती' हा शब्द मुळात देवाचा. शांग लोकांचा सर्वांत वरचा देव तो ती, किंवा शांग-ती. अक्षराच्या चित्राबद्दल दोन तट आहेत. कुणाला त्यात होमासाठी बांधलेली लाकडांची मोळी दिसते, कुणाला फुलाचा देठ. पुढे वारलेल्या राजांच्या नावाला 'ती' लागू लागलं. चौ घराण्याने इ.स.पू. १०४६च्या सुमारास शांगांना हरवलं आणि देवाच्या जागी 'थ्येन' म्हणजे आकाश पुढे आणलं. मग राजा झाला थ्येन-त्झ, आकाशाचा पुत्र. वांग तोच, थ्येन-त्झही तोच.

पुढचा भाग माझ्या आवडीचा. चौ राजा दुबळा होत गेला, मांडलिक बळावले. त्यांच्या पदव्या ठरलेल्या होत्या: कोंग, हौ, पो, त्झ, नान, चढत्या नव्हे, उतरत्या क्रमाने. वांग फक्त एक. इ.स.पू. ७०४मध्ये दक्षिणेतल्या छू राज्याच्या प्रमुखाने स्वतःलाच वांग म्हणवून घेतलं. हान काळातला इतिहासकार सिमा छ्येन याच्या ग्रंथात त्याचा युक्तिवाद आहे, साधारण असा: चौ राजा मला बढती देत नाही, तर मीच माझा मान वाढवतो. उत्तरेकडच्या बखरकारांनी मात्र त्याला शेवटपर्यंत दाद दिली नाही. लू राज्याच्या वार्षिक नोंदींत छूचा राजा कायम 'छूचा त्झ', म्हणजे उतरंडीतला चौथा. पाटी बदलली तरी तलाठ्याच्या वहीत नाव जुनंच.

छी राज्याच्या ह्वान-कोंगची चाल मला जास्त हुशारीची वाटते. इ.स.पू. ६५१मध्ये त्याने ख्वेइछ्यू इथे मांडलिकांना जमवून शपथा घ्यायला लावल्या, पण स्वतः वांग झाला नाही. तो राहिला कोंगच, काम मात्र 'पा'चं, म्हणजे सगळ्यांत बलवान असून थोरल्या राजाच्या नावाने कारभार करणारा. मी बराच वेळ 'पा'ला मराठी शब्द शोधत होतो. मग लक्षात आलं, शब्द नाही पण व्यवस्था आपल्या ओळखीची आहे: दिल्लीपर्यंत फौजा पुण्याच्या, पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहून. वहीत 'पा'पुढे एवढंच लिहिलंय, 'वस्त्रं साताऱ्याहून'.

इ.स.पू. ३३४मध्ये वेइ आणि छीच्या राजांनी एकमेकांना वांग म्हणून मान्यता दिली, आणि मग रांगच लागली. सगळेच वांग. रा. रा. आठवा. 'राजमान्य राजश्री' हा कधीकाळी खऱ्या मानाचा मायना होता. नंतर त्याचं 'रा. रा.' झालं आणि कुणाच्याही लग्नपत्रिकेच्या पाकिटावर बसलं. वांगचं तेच झालं. म्हणून इ.स.पू. २८८मध्ये छिनचा राजा 'पश्चिमेचा ती' झाला आणि त्याने छीच्या राजाला 'पूर्वेचा ती' हो म्हणून गळ घातली. देवाचा शब्द दोघांत वाटून! छीच्या राजाने सल्लागाराचं ऐकून ती पदवी लगेच टाकली, छिनलाही टाकावी लागली. दोन-तीन महिन्यांचा कारभार.

मग इ.स.पू. २२१. छिनच्या यिंग चंगने सहाही राज्यं गिळली आणि म्हणाला, नाव बदललं नाही तर माझं काम पुढच्यांना कळणार कसं? मंत्र्यांनी, त्यात ली स्स पण होता, पुराणातला सर्वांत थोर म्हणून 'थाइ-ह्वांग' सुचवलं. राजाने ते संपादकासारखं तपासलं: 'थाइ' काढा, 'ह्वांग' ठेवा, प्राचीनांचा 'ती' जोडा. ह्वांगती. ह्वांग म्हणजे तेजस्वी, थोर. तेज आणि देव, दोन्ही एकाच नावात. पहिला तो 'श' ह्वांगती, पुढचे दुसरा, तिसरा, असे दहा हजार पिढ्या. प्रत्यक्षात दुसऱ्यावर गाडी थांबली. तिसऱ्याने ह्वांगती सोडून पुन्हा नुसतं वांग घेतलं, शेहेचाळीस दिवस टिकला, आणि इ.स.पू. २०६मध्ये घराणं संपलं. शब्द मात्र १९१२पर्यंत चालला.

याच बैठकीत 'चन' हा 'मी'साठीचा शब्द राजाने स्वतःसाठी राखून ठेवला. त्याआधी तो कुणीही वापरे. छूचा कवी छ्यू युआन आपल्या वडिलांबद्दल सांगताना सरळ 'चन' म्हणतो. एका दिवसात सगळ्या देशाचा एक 'मी' काढून घेतला. त्याआधीचे राजे उलट फार नम्र 'मी' वापरत: 'कू' म्हणजे पोरका, 'क्वा-रन' म्हणजे गुणांनी कमी असलेला माणूस. आपल्या पत्रांतल्या 'चरणरज'सारखं, फक्त लिहिणारा राजा. आणि समोरच्याने राजाला काय म्हणायचं? 'पी-श्या', शब्दशः 'पायऱ्यांखाली'. म्हणजे मी आपल्याशी थेट बोलत नाही, पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या सेवकांशी बोलतोय, ते आपल्या कानावर घालतील. 'स्वामींचे सेवेसी' लिहिणाऱ्या कारकुनाला हे चटकन कळलं असतं.

या महिन्यातला सगळ्यात आवडता शोध अपराधाचा. त्या काळी 'ह्वांग' अक्षरात वर नाकाचं चिन्ह आणि खाली वांग लिहीत. 'अपराध' या अक्षरातही वर तेच नाक, खाली 'तिखट, यातना' या अर्थाचं चिन्ह. दोन्ही घाईत सारखी दिसत. श्यू शेन सांगतो की छिनने म्हणून अपराधाचं अक्षरच बदललं: वर जाळं, खाली 'चूक'. आजही चिनी माणूस गुन्हा लिहितो तो याच बदललेल्या अक्षराने. मी दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी कुंचल्याने लिहून पाहिली. माझ्या हस्ताक्षरात तर कुणालाही शिक्षा झाली असती.

नाव न घेण्याची गोष्टही याच ओघातली. हान घराण्यातल्या वन-तीचं खरं नाव ल्यू हंग. 'हंग' म्हणजे अढळ. तो गादीवर आल्यावर हंग पर्वताचा 'छांग' पर्वत झाला, कारण 'छांग' म्हणजेही नित्य, अढळ. चंद्रावरच्या हंग-अ या देवतेचीही छांग-अ झाली. चीनची चंद्रयानं आजही तेच बदललेलं नाव घेऊन उडतात. माझ्या आजोबांचं नाव हरी. आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, पण कधी 'हरिपाठ' म्हणाली नाही, 'माउलींचा पाठ' म्हणायची. म्हणताना मात्र हरी हरी चालायचं. ते देवाचं, असं तिचं म्हणणं.

मेलेल्या राजांच्या नावांवर मी आठ दिवस घालवले, त्याचं सार थोडक्यात देतो. राजा गेल्यावर दरबार त्याच्या कारकिर्दीवर एक शब्दाचा शेरा मारायचा. 'वन' सुसंस्कृत, 'वू' पराक्रमी, 'ली' क्रूर. इ.स.पू. ८४१मध्ये लोकांनी हाकललेला चौ राजा तो ली-वांग, नावातच निकाल. छिनच्या पहिल्या ह्वांगतीने ही चाल बंद केली: मुलाने बापाला आणि चाकराने धन्याला गुण द्यायचे, हे चालणार नाही. हान काळात ती परत आली, आणि मग शेरे फुगत गेले. छिंग या शेवटच्या घराण्याच्या काळापर्यंत एकेक मरणोत्तर नाव वीसहून अधिक अक्षरांचं. एवढं कोण उच्चारणार? म्हणून हान राजे शेऱ्याने ओळखले जातात (वू-ती), थांग राजे पूर्वजांच्या देवळातल्या नावाने (थाइ-त्सोंग), आणि मिंग-छिंगचे आपल्या शकाच्या नावाने. 'खांगशी' म्हणून ओळखला जाणारा छिंग राजा घ्या, ते त्याचं नावच नाही, त्याच्या काळाचं आहे. आपण कुणाला 'राज्याभिषेक शक' म्हणून हाक मारावी, तसं. माझ्या वहीत हे तीन रकाने नव्हते म्हणून सगळी गल्लत होत होती.

शेवटी आपल्याकडचा एक. ह्युएन त्संगचा ६४६मध्ये पुरा झालेला प्रवासवृत्तांत उघडला तो फक्त महाराष्ट्राच्या पानासाठी. 'मो-हो-ला-छा' देश, लोक स्वाभिमानी, आणि राजा क्षत्रिय, नाव आजच्या उच्चारात 'पू-ल्वो-ची-श'. थांगच्या काळातला उच्चार 'पुलकेश'च्या जवळचा असणार. बदामीचा चालुक्य, ज्याने हर्षाला नर्मदेवर अडवलं तो. पदवी? वांग. हर्षही वांगच: 'च्ये-र-वांग', शीलादित्याचं भाषांतर. चक्रवर्ती म्हणजे 'चाक फिरवणारा वांग'. दोघांना त्याने ह्वांगती म्हटलं नाही, कारण ह्वांगती जगात एकच, थांगांच्या राजधानीत, छांग-आनमध्ये बसलेला. आणि त्याच्या दरबारात तेव्हा 'वांग' ही पदवी राजपुत्रांना आणि भाऊबंदांना मिळत असे. पुलकेशी मात्र शिलालेखांत 'परमेश्वर' म्हणवून घेतो. वहीच्या त्या पानावर मी दोन्ही लिहून ठेवलंय: बदामीत परमेश्वर, छांग-आनच्या चष्म्यातून वांग.

पुढच्या महिन्यात 'थ्येन-खहान', म्हणजे ६३०मध्ये तुर्की सरदारांनी थाइ-त्सोंगला दिलेला 'आकाशाचा खाकान', आणि वू त्सथ्येन, जी ६९०मध्ये स्वतः ह्वांगती झाली. चीनच्या इतिहासात ह्वांगती झालेली बाई ती एकच. अधिकारी पुन्हा पुढे ढकललेत. नवीन खोडरबरावर वरच्या दोन रेघा जवळ घेतल्यात, तिसरी आज रात्री कोरेन.